निळ्या बसची दवंडी

पट्टी नारिंगी रंगाची, कागदाची असून कागदासारखी न फाटणारी, आणि तिच्या एका टोकाला गोंदावरचा तो पातळ पापुद्रा — तो एकदा सोलून पट्टी मनगटाभोवती चिकटवली की निघायची नाही, कापावीच लागेल, असं काल तिकीटखिडकीतल्या मुलीनं दोनदा बजावलं होतं... प्रेव पापुद्र्याचं टोक नखानं उचलत होती आणि परत बसवत होती. उचलत होती, बसवत होती. पट्टीवर छापलेली तारीख आजची होती. इतके महिने ही तारीख पुढे कुठेतरी होती, भिंतीवर, फोनमध्ये, बोलण्यात. आणि आज सकाळी डोळे उघडून बघते तर ती खोलीतच येऊन बसलेली, न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी. आता तिला चहापाणी विचारणं आलं.

"अगं, चिकटव की एकदाची! त्या गोंदाचा जीव जाईल," खिम म्हणाली.

खिम तिची खोलीतली जोडीदारीण. कपाळावरच्या केसांत गुलाबी रोलर अडकवून ती आरशासमोर मांडी घालून बसली होती. तो रोलर ती संध्याकाळपर्यंत काढणार नव्हती. तो घालूनच वर्गात जाणार, तो घालूनच जेवणार, आणि कार्यक्रमाच्या दारात काढणार, म्हणजे बट कशी ताजी राहते. खिमचं सगळं असं ठरलेलं असे. प्रेवला तिचा हेवा वाटला. आज काय करायचं हे जिला माहीत आहे अशा कुणाचाही आज तिला हेवा वाटला असता.

"चिकटवते," ती म्हणाली. "दुपारी."

"दुपारी का? मुहूर्त आहे?"

मुहूर्त नव्हता. तळमजल्यावरची जून होती. पहिल्या वर्षाची पोरगी, कालपासून तिचे चार निरोप — ताई, तू येणार नाहीस असं कुणीतरी म्हणालं, नसशील येणार तर पट्टी मला दे ना, दुपारपर्यंत सांग, प्लीज ताई. कुणीतरी म्हणालं! म्हणजे लोकांना दिसतं तर. प्रेव 'निळी बस' बँडच्या कार्यक्रमाला जाणार नाही हे कुणाला खरं वाटावं, हीच मुळात नवलाची गोष्ट. वर्षभरापूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर सगळं वसतिगृह हसलं असतं. कारण खोन केनच्या ह्या वसतिगृहात कुठला सिनेमा कधी लागतो, कुठला बँड कुठल्या शहरात येतो, तिकिटं किती वाजता उघडतात, हे विचारायचं ते प्रेवला. पलंगाशेजारची भिंत नुसती तारखांनी भरलेली. जे होऊन गेलं त्याचा कागद ती त्याच दिवशी काढून टाकायची, हळहळ न करता. भिंतीवर फक्त येणारं. 'तुला आलेलं आवडतच नाही, तुला येणारं आवडतं,' असं खिम एकदा चिडून म्हणाली होती — सिनेमा चालू असताना प्रेव तिच्या कानात पुढच्या महिन्यातल्या सिनेमाचं सांगत होती तेव्हा.

खरंच होतं ते. आणि ते कुठून आलं हेही प्रेवला ठाऊक होतं. ते दवंडीतून आलं.

तिचे वडील दवंडीवाले. यासोथोनच्या बाजूच्या गावांमधून त्यांची पिकअप फिरायची, टपावर चार दिशांना चार भोंगे, आणि आत एका हातात चाक, एका हातात माईक धरलेले बाबा. देवळाच्या पटांगणात पडद्यावरचा सिनेमा असो, मोलामची लोकगाणी गाणाऱ्यांचा ताफा असो, येणार असेल ते बाबांच्या तोंडून येणार. शाळा नसेल त्या दिवशी प्रेव शेजारच्या सीटवर. तिचं काम एकच, बाबांनी भुवई उचलली की बाजा वाजवणारी कॅसेट लावायची आणि भुवई खाली आली की बंद करायची. 'ऐका हो ऐका, आजोबा ऐका, आज्या ऐका, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना शेजाऱ्यांनी सांगा...' म्हशी मान वर करून बघायच्या. बायका हातातली कामं टाकून कुंपणापाशी. आणि गाडी पुढे गेली की मागे आरशात दिसायचं — पोरं चटया काखेत मारून पटांगणाकडे पळत सुटलेली, भर दुपारी, जागा धरायला.

गंमत अशी की बाबांनी सिनेमा बघितलेला नसायचा. कसा बघणार? तालुक्याहून रिळांचे डबे यायचे ते दिवेलागणीला. हातात असायचं फक्त पोस्टर, तेही कधी फाटकं. त्यावरून बाबा अख्खा सिनेमा सांगायचे. हिरोच्या आईचे हाल सांगताना त्यांचा स्वतःचाच गळा भरून यायचा. एकदा पोस्टरच्या कोपऱ्यात काहीतरी करडं होतं — घडी पडून शाई गेलेली — आणि बाबांनी हत्ती जाहीर केला. पाच गावांत. हत्तीवर बसून मारामारी! असा हत्ती तुम्ही जन्मात बघितला नसेल! मी शेजारी बसून बघत होते, पोस्टर माझ्याच मांडीवर होतं, त्यात हत्ती नाही हे मला दिसत होतं... आणि तरी संध्याकाळी चटईवर बसले तेव्हा मी हत्तीची वाट बघत होते. सगळ्यांत पुढे, गुडघे पोटाशी धरून.

हत्ती आला नाही. सिनेमा मध्ये थांबवून, ऐन मारामारीत, वातावरचं तेल विकायचं हा रिवाज. तेल पुरेसं खपलं की पुढचं रीळ. त्या दिवशी सिनेमा संपल्यावर लोक उठेचनात. "हत्ती कुठंय?" म्हणून एक म्हातारा काठी आपटत बाबांसमोर उभा राहिला. बाबा शांतपणे म्हणाले, "आला की काका. येऊन गेला. तुम्ही तेल घेत होतात."

म्हातारा क्षणभर बघत राहिला आणि मग असा हसला की त्याला धरावं लागलं. आणि पुढच्या खेपेला तोच म्हातारा पहिल्या रांगेत! ह्या माणसानं आपल्याला फसवलं असं कुणालाच कधी वाटलं नाही, ह्याचं प्रेवला लहानपणी नवल वाटायचं. आता वाटत नाही. दुपारभर हत्ती होता की त्यांच्याकडे. शेतात होता, चुलीपाशी होता.

"तू ऐकतेयस का? मी काय विचारलं?" खिम.

"काय?"

"निळा शर्ट की पांढरा? जाऊ दे. तुझं हल्ली काही खरं नाही." खिमनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "आधी नुसतं भंडावून सोडायचीस. अमुक येतंय, तमुक येतंय. मी म्हणायचे, बाई, गप बस. आता गप बसलीयस तर मला करमत नाही. शेवटचा कागद कधी लावलास तू ह्या भिंतीवर?"

प्रेवनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एकच कागद उरला होता. बाकीच्या तारखा एकेक करून होऊन गेल्या, तिनं काढून टाकल्या, आणि नव्या आल्या नाहीत — म्हणजे जगात येतच होत्या, तिच्यापर्यंत आल्या नाहीत.

वर्गात ती मागे बसली. मॅडम लोकसंख्येच्या आलेखावर बोलत होत्या. जूनचा पाचवा निरोप आला: ताई?

देऊन टाकावी, तिला वाटलं. पोरगी खूश होईल. आणि माझं... माझं तसंच राहील. जे व्हायचं ते झालेलं नसेल. निदान माझ्यापुरतं तरी.

हे असं कुणाला सांगता आलं नसतं. खिमलासुद्धा. बाबा एप्रिलमध्ये गेले हे खिमला माहीत होतं, ती गावी येऊन चार दिवस राहिलीही होती, भांडी घासली होती तिनं. पण फोनवरच्या दवंडीचं तिला माहीत नव्हतं. शहरात आल्यापासून दर रविवारी प्रेव घरी फोन करायची, आणि आईशी बोलून झालं की बाबा घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, सांगा, काय येतंय?" मग ती एकेक सांगायची — परदेशी सिनेमे, बँकॉकचे बँड, ज्यांची नावं बाबांच्या जिभेवर नीट बसत नसत — आणि बाबा तिथल्या तिथे त्याची दवंडी करायचे. फोनमध्ये, भोंग्याच्या आवाजात. मागून आई ओरडायची, अहो, शेजारी येतील चटया घेऊन! फेब्रुवारीत तिनं निळ्या बसचं सांगितलं तेव्हा बाबांना खोकला होता. "हे मोठं काम आहे, जरा तयारी करून देतो," म्हणाले. आणि दोन दिवसांनी फोनवर दवंडी आली, बाबांनी रेकॉर्ड करून पाठवलेली, मागे गाडीतली खरी कॅसेट वाजत असलेली. मधोमध एक कुत्राही भुंकतो.

'ऐका हो ऐका! खोन केनकरांनो ऐका! येत आहे, येत आहे, निळी बस येत आहे! ह्या बसला तिकीट आहे पण बाक नाही, उभं राहून नाचायचं, पाय दुखले तर तेल आमच्याकडे मिळेल! पोरं पाच, केस मात्र पन्नास माणसांचे! गातात असे की नवऱ्याशी भांडलेली बाई माघारी येईल आणि न भांडलेली उगाच भांडून बघेल! पहिल्या रांगेत उभी असेल ती आमची पोरगी, ओळख द्या तिला, ढकलू नका...'

एप्रिलनंतर तिनं ती एकदाही लावली नव्हती. गरज नव्हती. पाठ होती. श्वास कुठे घेतला तेसुद्धा पाठ.

आणि मग बाबांना पोचवलं त्या दिवसाचं... नको म्हटलं तरी ते येतंच. भिक्खूंचं पठण संपलं, आणि बाबांच्या धंद्यातले जुने लोक, आसपासच्या तीन तालुक्यांतले, आपापले पडदे घेऊन आलेले, त्यांनी आपण होऊन पटांगणात सिनेमा लावला. मयताच्या घरी सिनेमा लावायचा आमच्याकडे रिवाजच, आणि हा तर बाबांचा. तीन पडदे एकाशेजारी एक. असं आमच्या गावानं कधी बघितलेलं नाही. चटया घालून ठेवलेल्या, खुर्च्या मांडलेल्या, सिनेमा सुरू झाला — आणि समोर कुणी नाही. एक माणूस नाही. पडद्यावर हिरो रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता की मी परत येईन. आधी वाटलं, लोक अजून आवरतायत. मग आई उठून रस्त्यापर्यंत गेली, आणि येताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्रच — रडू की हसू कळेना. "सगळे आवरून दारात बसलेत," ती म्हणाली. "गाडी येऊन सांगून जाईल म्हणून थांबलेत."

अख्खं गाव. अंघोळी करून, पावडर लावून, कडेवर पोरं घेऊन दारात. पन्नास वर्षांची सवय, भोंगा वाजल्याशिवाय उठायचं नाही. आज भोंगा कोण वाजवणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जे दुपारी बाबांना खांदा देऊन आले होते त्यांच्यासुद्धा.

गाडी मी चालू केली. माईक हातात घेतला. त्याच्या जाळीला बाबांच्या तोंडचा वास होता, पुदिन्याच्या गोळीचा. मी 'ऐका' म्हणायला तोंड उघडलं आणि काही नाही. हवासुद्धा नाही. भुवई कोण उचलणार आणि कॅसेट कोण लावणार... शेवटी चुलतभाऊ नुसती कॅसेट लावून गाव फिरून आला. लोक आले. बाजा ऐकूनच कित्येक बायका रडत आल्या.

मे महिन्यात निळ्या बसच्या गिटारवाल्याचा हात मोडला आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. थंडीत, म्हणाले. वसतिगृहात सगळ्यांनी सुस्कारे टाकले. प्रेवनं मात्र स्नानघरात जाऊन तोंड धुतलं आणि आरशात स्वतःला हसताना पकडलं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की तिला काय हवं आहे. तिला हवं होतं की हा कार्यक्रम येतच राहावा. जोवर तो झालेला नाही तोवर बाबांची दवंडी खरी. 'येत आहे, येत आहे' असं ते म्हणतात आणि ते अजून येतंय, म्हणजे ते अजून म्हणतायत. आज रात्री पाच पोरं रंगमंचावर येतील, गातील, दिवे लागतील, आणि उद्यापासून ती दवंडी झाल्या कार्यक्रमाची. जुन्या पोस्टरासारखी. त्यानंतर बाबांनी सांगितलेलं पुढे काहीच उरत नाही.

जूनला पट्टी दिली तर? प्रेवनं तिला लिहिलं: ये खोलीवर.

ती खोलीवर परतली तर आईचा फोन. आई दुपारी कोंबडी भाजण्याच्या शेगडीपाशी असते, मागून ठिणग्यांचा तडतड आवाज येतो.

"निघालीस का?"

"नाही अजून. आई... मी विचार करतेय, नको जायला."

"का? बरं नाही?"

"बरं आहे. असंच."

कुणालातरी भाताची पुडी दिल्याचं ऐकू आलं. मग आई म्हणाली, "हे बघ, मला त्यातलं काही कळत नाही. पण त्या माणसानं एवढं घसा फोडून सांगितलं, आणि आपण घरात बसायचं? ह्या गावात कधी झालंय असं? हत्ती नव्हता तरी लोक गेले बाई. मीही अशीच जायचे, त्यांची दवंडी ऐकून. लग्नाआधी." आणि जराशानं, "काय बघितलंस ते मला सांग. मला नीट सांगता येत नाही त्यांच्यासारखं, पण ऐकता येतं."

प्रेवचा डावा हात पलंगावरून खाली लोंबत होता. मनगटाला गार काहीतरी लागलं. खिमनं पापुद्रा सोलून, पट्टी गुंडाळून, अंगठ्यानं दाबूनसुद्धा टाकली होती.

"झालं!" खिम म्हणाली. "दुपार झाली. मुहूर्त साधला."

दारात जून उभी होती. तिनं पट्टीकडे पाहिलं, ओठ दुमडून हसली, "मज्जा कर ताई," म्हणाली आणि गेली. प्रेवला खिमचा राग यायला हवा होता. आला नाही.

शेअरगाडीत गर्दी होती, सगळ्यांच्या मनगटांवर नारिंगी. खिमनं चालकाला ओरडून सांगितलं, "काका, जरा जोरात घ्या, जागा जाईल!" तो म्हणाला, "पोरी, रोलर काढ आधी, वाऱ्यानं उडाला तर मागचा आंधळा होईल." सगळे हसले. प्रेवही हसली, आणि आपण हसलो म्हणून तिला लगेच चोरट्यासारखं वाटलं. मैदान जवळ येत होतं. तिला वाटत होतं की सिग्नल लागावा. लागला की बरं वाटत होतं, सुटला की ती पुढच्या सिग्नलची वाट बघत होती.

रांग लांब होती. उन्हं उतरली होती तरी जमीन तापलेली. आतून कुणीतरी ढोल तपासत होतं — धप्, धप् — आणि प्रत्येक धप्पीला रांगेतून आरडाओरडा. आता ते आत आहेत. बस आलेली आहे. प्रेवला एकदम असं वाटलं की पट्टी कापूनच टाकावी, कुणाकडून तरी कात्री मागावी. "पाणी घेऊन येते," ती खिमला म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली, आणि पाण्याच्या गाडीकडे न जाता रस्त्याच्या बाजूला चालू लागली, कुठे ते न ठरवता, फक्त त्या ढोलापासून लांब.

कोपऱ्यावरच्या इमारतीवर जाहिरातींचा मोठा पडदा होता. साबण, मोबाईल, दात. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मग त्याच्यावर नदी आली.

संथ, गढूळ, गावाकडच्या मून नदीसारखी. त्यात एक होडी. होडीत एक म्हातारी, एकटीच वल्हवतेय, आणि तिच्या मागे, होडीच्या मधोमध, उभा केलेला एक जुना हिरवा फ्रीज. दोरीनं बांधलेला. आजूबाजूला दिवस मावळत आलेला. म्हातारी वल्हं ठेवते, वळते, फ्रीजची दोरी सोडते, दार उघडते — आतला दिवा लागतो. भर नदीत, कुठे वायर नाही काही नाही, आणि आतला दिवा लागतो. तो उजेड तिच्या तोंडावर पडतो आणि ती आत बघून म्हणते, "बसलास ना नीट?"

पडदा काळा. नाव नाही. फक्त एक ओळ: नव्या वर्षात.

साबण आला. प्रेव पदपथाच्या मधोमध उभी. तिच्या डोक्यात आपोआप सुरू झालं — हे तर सांगायलाच हवं, उद्या रविवार, आणि बाबा म्हणतील हं, सांगा, काय येतंय, आणि ती म्हणेल, बाबा, होडीत फ्रीज — हात खिशातल्या फोनपर्यंत गेलासुद्धा, आणि तिथेच थांबला. हा सिनेमा बाबांना माहीत नाही. ह्याच्याबद्दल त्यांनी काही ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाहीत. आणि ह्याच्या मागून जे जे येईल, ते सगळंच असं. तिला दुखलं, नेमकं, छातीत डावीकडे, एप्रिलपासून कधी इतकं सरळ दुखलं नव्हतं. तिनं रडून घेतलं, तिथेच, साबणाच्या उजेडात, लोक बाजूनं जात असताना.

पण ती हलली नाही. मोबाईल आला. दात आले. ती पाय बदलत उभी राहिली, कारण ते परत लागणार होतं, आणि तिला बघायचं होतं की म्हातारी वाकते तेव्हा आतलं काही दिसतं का. एखादं बोट, एखादी बाही. नव्या वर्षात म्हणजे कधी, जानेवारीत की पुढे? लवकर येऊ दे. हे वाटलं आणि वाटल्यावर तिची तिलाच लाज वाटली — बाबा नसलेल्या वर्षाला ती 'लवकर ये' म्हणत होती! — आणि लाज वाटूनही ते वाटणं काही गेलं नाही.

"इथे आहेस होय!" खिम धापा टाकत आली. रोलर निघाला होता, बट अगदी ठरल्याप्रमाणे बसली होती. "दारं उघडली तिकडे! मी मेले शोधून... रडतेयस?"

"थांब," प्रेव म्हणाली. "आत्ता लागेल."

नदी आली. होडी आली. खिमनं तोंड उघडं टाकून बघितलं, दार उघडेपर्यंत, दिवा लागेपर्यंत, पडदा काळा होईपर्यंत. मागे मैदानातून एकदम मोठा आवाज उठला. खिम तिकडे वळली, परत पडद्याकडे वळली.

"ए, कोण आहे गं त्या फ्रीजमध्ये?"

मला कुठे माहीत होतं. सिनेमा मी बघितलेला नव्हता, त्याचं पोस्टरही अजून लागलं नव्हतं. पण खिम माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू मला माहीतच आहे. आणि माझ्या घशात खोलवर कुठेतरी हवा भरून येत होती, आणि मी सांगू शकले असते — अगदी छातीठोक.